दस्तरखानाची रिकामी बाजू

बुरुलचाबाईंना रविवारची दुपार खायला उठायची.

आठवड्याचे बाकीचे दिवस कसेबसे निघून जात. चार दिवस दोन शाळांत चित्रकलेचे तास, शुक्रवारी संस्थेच्या कचेरीत बैठक, शनिवारी बाजारहाट. पण रविवारी तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत त्या आणि भिंतीवरचं घड्याळ, एवढीच सोबत. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती. मुलगा एर्मेक रशियात, येकातेरिनबुर्गला एका गोदामात कामाला होता. त्याचा फोन सणावाराला यायचा, तोही घाईत. जिन्यात शेजारची ल्युबा भेटली की विचारायची, मुलगा काय म्हणतो? बाई न अडखळता सांगायच्या, कालच तासभर बोलला, नुसता मागे लागलाय, इकडे राहायला ये म्हणून.

यात काही वावगं आहे असं त्यांना कधी वाटलं नाही. पाहुणे येणार म्हटलं की आपण फाटकी गादी खाली घालतो आणि चांगली वर ठेवतो. घरात भांडण झालेलं असलं तरी दार उघडताना हसतो. चारचौघांत घरचं उणं दिसू द्यायचं नाही, हे आपल्या आयांनी आपल्याला शिकवलं आणि आपण आपल्या मुलांना शिकवतो. बुरुलचाबाईही त्यातल्याच.

नोव्हेंबरातला तो रविवार मात्र बरा होता. कारण टेबलावर काम होतं. चौतीस मुलांची चौतीस चित्रं.

बाईंनी सरकारी शाळेत एकतीस वर्षं चित्रकला शिकवली होती. निवृत्त झाल्यावर त्या ‘अक बारक’ या संस्थेत आल्या. अक बारक म्हणजे कोरा कागद. राजधानी बिश्केकच्या कडेकडेने ज्या नव्या वस्त्या उठल्यात, तिथल्या शाळा दोन-दोन पाळ्यांत भरतात. वर्गात चाळीस-पंचेचाळीस मुलं, गणिताला शिक्षक मिळायची मारामार, तिथे चित्रकलेला कोण विचारतो? अशा चार शाळांना ही संस्था रंग, कागद आणि शिक्षक पुरवायची. संस्था चालवायची चोल्पोन नावाची चाळिशीतली बाई. धडपडी, दिवसभर फोन कानाला लावलेली, मनाने चांगली. वर्षातून एकदा शहरातल्या ग्रंथालयाच्या दालनात मुलांच्या चित्रांचं प्रदर्शन भरायचं. परदेशातून मदत करणारे पाहुणे येत, शिक्षण खात्याचे साहेब येत. त्या एका दिवसावर पुढचं वर्ष अवलंबून असायचं.

यंदाचा विषय होता, माझं कुटुंब. चोल्पोनने शुक्रवारी एवढंच म्हटलं होतं की गेल्या वर्षी पाहुण्यांना चित्रं फार आवडली होती, यंदाही तशीच आनंदी झाली तर बरं. आनंदी कशी करायची हे तिने सांगितलं नव्हतं. बाईंनी विचारलं नव्हतं. गेली पाच वर्षं प्रदर्शनाआधीच्या रविवारी बाई चित्रं घरी आणत आणि ‘जरा हात फिरवत.’ कुणाचं वाकडं नाक सरळ कर, कुणाच्या आभाळात चार पक्षी सोड, कुणाचा घोडा तीन पायांचा असेल तर त्याला चौथा पाय दे. हात कसलेला होता. बघता बघता चित्र उजळायचं, आणि त्या तीन-चार तासांत बाईंना आपण एकट्या आहोत याचा विसर पडायचा.

त्या दिवशी सगळ्यात शेवटी हाती आलं ते तिसरीतल्या आयझिरेकचं चित्र.

कागदाच्या मधोमध जमिनीवर अंथरलेला दस्तरखान, म्हणजे जेवणाचं कापड. त्यावर रोटी, चहाच्या वाट्या, साखरेचं भांडं आणि भांड्याला टेकवून उभा केलेला फोन. फोनच्या काचेत पिवळ्या रंगाचे दोन ठिपके. दस्तरखानाच्या एका बाजूला उंच टोपी घातलेला म्हातारा आणि त्याला चिकटून बसलेली एक वेणीवाली मुलगी. दुसऱ्या बाजूला काहीच नाही. अर्धा कागद पांढराफटक.

बाई चुकचुकल्या. जागा भरा, कागद रिकामा सोडू नका, हे त्या वर्गात रोज सांगत. पोरगी तशी हुशार, पण आळस केलेला दिसत होता. शिवाय विषय होता कुटुंब, आणि यात आई कुठे, बाप कुठे? त्यांनी ब्रश उचलला. रिकाम्या बाजूला आधी बाप बसवला, रुंद खांद्यांचा, हसऱ्या चेहऱ्याचा. शेजारी आई, अंगावर लाल शाल, हातात चहाची किटली. फोन आता कशाला हवा? त्याची त्यांनी सफरचंदांची थाळी केली. काम संपलं तेव्हा चित्र असं काही खुललं की बाई स्वतःच बराच वेळ बघत राहिल्या. भरलेलं घर. चार माणसं एकत्र जेवायला बसलेली.

चोल्पोनला तर ते इतकं आवडलं की तिने तेच निमंत्रणपत्रिकेवर छापलं आणि प्रदर्शनाच्या फलकावरही.

प्रदर्शनाच्या दिवशी दालन गच्च भरलं होतं. आयझिरेक आजोबांचा हात धरून आली. आजोबा कासिमाली, ऐंशीला टेकलेले, काटकुळे, डोक्यावर पांढरी उंच टोपी, नाकावर जाड भिंगांचा चष्मा. मुलगी भिंतीभिंतीने सगळी चित्रं बघत गेली. एक फेरी झाली, दुसरी झाली. मग ती बाईंजवळ येऊन हळूच म्हणाली, “एजेके, माझं चित्र लावलं नाही का?” मुलं बाईंना एजेके म्हणत आणि मोठी माणसं एजे, म्हणजे ताई.

बाईंना हसू आलं. त्यांनी तिला समोरच्या भिंतीपाशी नेलं. खाली नाव लिहिलेलं होतं. आयझिरेक, इयत्ता तिसरी.

मुलीने नाव वाचलं. मग चित्राकडे पाहिलं. फार वेळ पाहिलं. ती काही बोलणार तेवढ्यात चोल्पोन पाहुण्यांना घेऊन तिथेच आली. हीच ती मुलगी, असं तिने सांगितलं. एक उंच पाहुणी गुडघ्यांवर बसली आणि दुभाष्यामार्फत कौतुकाने विचारू लागली. ही तुझी आई का? किती सुंदर आहे. काय करते ती?

आयझिरेकने मान वर करून बुरुलचाबाईंकडे पाहिलं. बाईंच्या चेहऱ्यावर तिला काय दिसलं कोण जाणे. ती पाहुणीकडे वळली आणि पाठ केलेली कविता म्हणावी तशी म्हणाली, “हो, ही माझी आई. हे बाबा. ते घरीच असतात. आम्ही रोज एकत्र जेवतो.”

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी फोटो काढला. कासिमाली आजोबांनी चष्मा कपाळावर सारला, नाक कागदाला लागेल इतक्या जवळून चित्र न्याहाळलं आणि मग वळून बाईंकडे पाहिलं. नातीचा हात धरून निघून गेले.

त्या टाळ्या बाईंच्या कानात घरी पोचेपर्यंत वाजत होत्या, आणि त्यात काही गोड वाटत नव्हतं. त्या मुलीला खोटं बोलायला कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. मग ती का बोलली? या प्रश्नाचं उत्तर बाईंना माहीत होतं, पण त्या तिकडे जायला धजत नव्हत्या.

पुढच्या तासाला आयझिरेक आली. कागद समोर ठेवून हाताची घडी घालून बसली. बाईंनी विचारलं, का गं, आज काही सुचत नाही का? ती म्हणाली, “काय काढू ते तुम्हीच सांगा, एजेके.” बाईंनी सांगितलं, तुला हवं ते काढ. तिने फळ्यावर टांगलेल्या तक्त्यातली फुलदाणी जशीच्या तशी उतरवली, कागद चारही कोपऱ्यांपर्यंत भरला आणि देऊन निघून गेली. त्यानंतर ती तासाला आलीच नाही. तिच्या मैत्रिणीकडून कळलं की ती आजारी वगैरे नाही, रोज शाळेत येते आणि चित्रकलेच्या आधी दप्तर उचलून घरी जाते.

चित्रकलेचे तीन तास असे तिच्याविना गेल्यावर एका शुक्रवारी कचेरीतून सुटल्यावर बाई मिनीबसने आयझिरेकच्या वस्तीच्या शेवटच्या थांब्यावर उतरल्या. कोळशाचा धूर खाली बसला होता, पलीकडचं घर धड दिसत नव्हतं. विचारत विचारत त्यांनी दार गाठलं.

कासिमाली आजोबांनीच उघडलं. त्यांना आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. आयझिरेक शाळेत होती, तिची पाळी दुपारची. त्यांनी बाईंना शेगडीजवळ बसवलं, चहा ओतला, पुढ्यात बोरसोकांची, तळलेल्या कणकेच्या तुकड्यांची, वाटी सरकवली. इकडचं तिकडचं बोलणं झालं. गुडघे दुखतात, कोळसा यंदा ओला आला, कोंबड्या अंडी देत नाहीत. बाईंना विषय कसा काढावा कळेना. शेवटी आजोबांनीच काढला.

“लाल शालीची कड फार सुरेख ओढलीत हो, मास्तरीणबाई,” ते म्हणाले. “पोरगी ब्रश दाबून धरते, कागद ओरबाडते. ती रेघ ओढायला चाळीस वर्षं हात बसावा लागतो.”

बाईंचा चेहरा उतरला. मग त्यांनी बाजू मांडायचा प्रयत्न केला. चित्र अर्धवट होतं, अर्धा कागद रिकामा होता, तिचं चांगलं व्हावं म्हणूनच केलं, बघा ना फलकावर लागलं. बोलता बोलता त्यांना स्वतःचाच आवाज पोकळ वाटायला लागला.

आजोबांनी ऐकून घेतलं. मग त्यांनी स्वतःबद्दल सांगितलं. तीस वर्षं ते शहरातल्या एका फोटो स्टुडिओत टचिंगचं काम करत होते. काळ्यापांढऱ्या फोटोंत रंग भरायचे, सुरकुत्या पुसायच्या, डाग घालवायचे. आणि आणखी एक काम असायचं. लढाईवर गेलेले नवरे परत आले नव्हते अशा बाया यायच्या, पन्नाशीच्या, साठीच्या. रुमालाच्या गाठीत नवऱ्याचा अंगठ्याएवढा फोटो. मला याच्या शेजारी बसव म्हणायच्या.

“मी बसवायचो,” आजोबा म्हणाले. “पण आधी तासभर विचारत बसायचो. कोट कुठल्या रंगाचा? केस कुठल्या बाजूला वळवायचा? हसरा होता की घुम्या? ती आठवून आठवून सांगायची. कधी रडायची, कधी मधेच हसायची. एकीने तर मला सांगितलं, त्याचे कान मोठे होते, ते लहान करू नकोस, मला तेच आवडायचे. हात माझा होता, बाई. चित्र तिचं होतं. तुम्ही आमच्या पोरीला काय विचारलंत?”

बाईंनी हातातलं बोरसोक परत वाटीत ठेवलं.

“आणि रिकामा कागद म्हणता. त्या रिकाम्या जागेपायी तिने दोन दिवस माझं डोकं खाल्लं. आजोबा, जे इथे नाहीत त्यांना कसं काढायचं? मी म्हटलं, मला काय विचारतेस, आईबाप तुझे. मग तिनेच ठरवलं. म्हणाली, या बाजूला काही काढायचं नाही, ही त्यांची जागा. ते आले की बसतील.” आजोबांनी चहाची वाटी खाली ठेवली. “तुम्ही तिथे भलतीच माणसं बसवून ठेवलीत.”

आयझिरेक दोन वर्षांची असताना तिचे आईबाप मॉस्कोला गेले होते. बाप बांधकामावर, आई गुलनूर एका बेकरीत पाव बांधायला. सात वर्षांत तीनदा येऊन गेले. दर रविवारी दुपारी फोन लागायचा. साखरेच्या भांड्याला फोन टेकवून ही दोघं इकडे जेवायची, ती दोघं तिकडे. पोरीला आठवडाभर त्या एका तासाची वाट असायची. आता प्रदर्शनाच्या फलकाचा फोटो कुणाकडून तरी फिरत फिरत मॉस्कोला पोचला होता. गुलनूरने फोनवर रडून घेतलं होतं. बेकरीतल्या सगळ्या बायकांना दाखवलं होतं, माझ्या लेकीने मला काढलंय. मी तिच्याजवळ नाही तरी तिला मी अशी दिसते.

“आता पोरगी कुठल्या तोंडाने सांगेल, आई, ती तू नाहीस, तुला मी काढलंच नाही म्हणून?” आजोबा म्हणाले. “म्हणून रविवार आला की कोंबड्यांच्या खुराड्यात जाऊन बसते. फोनवर येत नाही. मी सांगू शकलो असतो सूनबाईला. पण ज्याची चूक त्यानेच सांगावी, असं मला वाटलं. तुम्ही याल असं वाटत होतं. जरा उशीर केलात.”

बुरुलचाबाई परत निघाल्या तेव्हा त्यांना मिनीबसमध्ये जागा मिळाली, पण आपण बसलोय की उभ्या आहोत याचं भान नव्हतं. आयुष्यभर त्यांनी मुलांच्या कागदावरचं उणं झाकलं होतं. मुलांना सुंदर काही मिळावं म्हणून झाकलं, असं त्या समजत होत्या. प्रत्यक्षात त्यांनी शेकडो मुलांना एकच गोष्ट शिकवली होती. तू जसा आहेस तसा दाखवण्यासारखा नाहीस. आणि नऊ वर्षांची एक मुलगी ती इतकी नीट शिकली होती की बाईंची लाज राखायला तिने स्वतःच्या आईबापाबद्दल खोटं सांगितलं होतं.

जिन्यात ल्युबा भेटली. काय म्हणतो मुलगा, तिने विचारलं. बाई कठड्याला धरून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “त्याचा फोन आलेला नाही गं. दोन महिने झाले. मी तुला खोटंच सांगत असते.” ल्युबाने हातातली पिशवी पायरीवर ठेवली. मग म्हणाली की तिची लेक तर याच शहरात राहते, तीन थांबे पलीकडे, आणि उन्हाळ्यापासून आलेली नाही. दोघी एकमेकींच्या शेजारी चौदा वर्षं राहत होत्या. त्या संध्याकाळी पहिल्यांदा दोघींनी एका टेबलावर सूप घेतलं.

रविवारी बाई पुन्हा त्या घरी गेल्या. दस्तरखान अंथरलेला होता. आजोबांनी नातीला खुराड्यातून आत आणलं होतं. ती वही घेऊन, बाईंकडे पाठ करून, शेगडीपाशी बसली होती. बाईंनी आधी तिच्याशीच बोलायला हवं होतं, आणि त्या बोलल्या. तिच्या शेजारी जमिनीवर बसून त्यांनी सांगितलं की तुझं चित्र मी बिघडवलं, तुला न विचारता, आणि तुला सगळ्यांदेखत खोटं बोलायची पाळी आणली. मला माफ कर. मुलीने वहीतून डोकं वर काढलं नाही.

फोन वाजला. आजोबांनी तो साखरेच्या भांड्याला टेकवला. काचेत गुलनूर दिसली. तिशीतली, थकलेली, केस नुकतेच विंचरलेले. मागे दाटीवाटीच्या स्वयंपाकघरात आणखी दोन बायका काहीतरी परतत होत्या. गुलनूरच्या खांद्यावर शाल होती. लाल. नवी कोरी.

बाई फोनपुढे सरकून बसल्या आणि त्यांनी आपलं नाव सांगितलं.

गुलनूरला त्या कोण हे कळताच तिने आभारांचा पाऊसच पाडला. एजे, तुम्ही माझ्या लेकीला किती छान शिकवलंत. माझ्याकडे अशी शाल नव्हतीच, पण तिला मी तशी दिसते म्हटल्यावर घेऊन टाकली.

“गुलनूर,” बाई म्हणाल्या, “ती शाल मी काढली. तुलाही मीच काढलं. तुझ्या लेकीने नाही.”

बाईंनी सगळं सांगितलं, काही न झाकता. पाहुण्यांना आवडावं म्हणून केलं हेही सांगितलं. आयझिरेकची काही चूक नाही हे दोनदा सांगितलं. गुलनूरचा हात शालीच्या टोकाशी गेला आणि तिथेच राहिला.

“मग तिच्या चित्रात मी नव्हतेच?” तिने विचारलं.

“होतीस. फोनमध्ये होतीस. तू आणि तुझा नवरा, दोघंही. दोन पिवळे ठिपके होते. मीच ते पुसले आणि वर सफरचंदं काढली. आणि समोरची बाजू तिने कोरी ठेवली होती, तुम्ही आलात की बसायला.”

गुलनूरने डोळे पुसले. हसायचा प्रयत्न करत म्हणाली, “म्हणजे मी तिला एवढुशीच दिसते.”

शेगडीपाशी वही मिटल्याचा आवाज झाला. आयझिरेक उठून दस्तरखानापाशी आली, आजोबांच्या शेजारी बसली आणि फोनकडे बघत म्हणाली, “तू एवढुशी नाहीस. फोन लहान आहे.”

मग मायलेकी बोलायला लागल्या. काय बोलल्या ते बाईंनी ऐकलं नाही. त्या अंगणात जाऊन उभ्या राहिल्या. थंडीने कान दुखत होते, तरी बराच वेळ तिथेच राहिल्या. घरी गेल्यावर त्यांनी आपणहून एर्मेकला फोन लावला. एरवी त्या म्हणायच्या, मी मजेत आहे, तू काळजी करू नकोस. या वेळी म्हणाल्या की मी रोज एकटी जेवते आणि मला ते आवडत नाही. मग एर्मेक म्हणाला, “मलाही नाही आवडत, आई.” त्याला लगेच रजा मिळणार नव्हती, त्याने तसं वचनही दिलं नाही. पण त्या दिवशी तो घाईत नव्हता.

दुसऱ्या दिवशी बाई चोल्पोनसमोर जाऊन बसल्या. अजून लागलेला तो फलक काढून टाक, म्हणाल्या. ते चित्र माझं आहे. आणि बाकीची तेहतीसही थोडीफार माझीच आहेत.

चोल्पोन हबकली. मग तिला राग आला. पाहुण्यांना काय तोंड दाखवायचं, चार शाळांचे तास बंद पडले तर जबाबदार कोण, असं बरंच बोलली. शेवटी म्हणाली, “मी तुम्हाला असं करायला सांगितलं नव्हतं, एजे.”

“नव्हतंस. आणि पाच वर्षांत एकदाही विचारलं नाहीस, की तिसरीतली मुलं इतकं सफाईदार कशी काढतात? तुलाही ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं. फक्त मुलांना वाटत होतं की आपली चित्रं वाईट आहेत.”

दोन आठवडे चोल्पोन बाईंशी कामापुरतंही नीट बोलली नाही. पण फलक उतरला. पुढे तिने पाहुण्यांना पत्र लिहिलं, जे झालं ते सरळ कळवलं. कुणाचं समजुतीचं उत्तर आलं, एका ठिकाणाहून काहीच आलं नाही, आणि एका शाळेतले आठवड्याचे दोन तास एकावर आणावे लागले. खरं सांगितल्यावर सगळं सुरळीत होतंच असं नाही, हे बाईंनाही कळलं.

त्यांनी प्रत्येक वर्गात उभं राहून मुलांची माफी मागितली. शिक्षकाने माफी मागायची असते हे मुलांना ठाऊक नव्हतं. ती एकमेकांकडे बघत राहिली. मग मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला की तरीच, माझ्या घोड्याला चौथा पाय कुठून आला मला कळेना, तो तर दुसऱ्या घोड्यामागे होता. सगळा वर्ग हसला. बाईही हसल्या, पण त्या चौथ्या पायाची त्यांना लाज वाटली.

आयझिरेक महिन्याभराने तासाला परत आली. ते जुनं चित्र तिने पुन्हा काढलं नाही, आणि बाईंनी काढ म्हटलं नाही. तिने एक लांबलचक बस काढली आणि बसच्या खिडक्यांत कुणालाच बसवलं नाही. का, ते तिने सांगितलं नाही. बाईंचे हात सवयीने ब्रशकडे गेले. त्यांनी ते मागे घेतले आणि विचारलं, “तुला काही मदत हवी आहे का?” मुलगी विचार करून म्हणाली, चाकं गोल येत नाहीत, ती कशी करायची ते दाखवा, पण दुसऱ्या कागदावर.

मे महिन्यात आणखी एक प्रदर्शन शाळेच्याच व्हरांड्यात भरलं. वाकडी नाकं, तीन पायांचे घोडे, कितीतरी कागदांवर कितीतरी कोऱ्या जागा. दिसायला फारसं देखणं नव्हतं. पण वस्तीतली माणसं आली होती, कामावरून परतताना, हातात पिशव्या घेऊन. ती एकेका चित्रासमोर थांबत होती. एका आजीने नातवाच्या चित्रावर बोट ठेवून विचारलं, इथे का रे काही काढलं नाहीस? आणि तो सांगायला लागला. ती पिशवी खाली ठेवून ऐकत राहिली.

गुलनूर अजून मॉस्कोतच आहे. एर्मेकही येकातेरिनबुर्गलाच आहे. बुरुलचाबाईंच्या घरातला रविवार अजून लांबच असतो, फक्त ल्युबा दुपारी येऊन बसते. एकटेपणा काही कुणाच्या खऱ्या बोलण्याने पळून जात नाही. पण तो झाकून ठेवला की माणूस आपल्या माणसांतही एकटा पडतो, आणि लहान मुलाला तो झाकायला शिकवणं याइतका मोठा अन्याय नाही.

मित्रांनो, आपल्या घरातही मुलं चित्रं काढतात, निबंध लिहितात, काहीबाही सांगतात. ते पाहुण्यांना दाखवण्यासारखं नसेल. त्यात आपल्या घराचं उणं दिसत असेल. तरीही हात आवरा. त्यांच्या शेजारी बसा आणि विचारा, हे काय आहे? आणि ते सांगतील ते ऐकून घ्यायला थोडा वेळ काढा.